तीन देशांची चलनं आणि आमचे कांदा व्यापारी

क्रूझला जायचं मी ठरवलं आणि पैसेही मीच भरले. हे दुसरं मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या घरात ते पचायला फार वेळ लागला. कॉलेजच्या मुलांना डबे देऊन वर्षानुवर्षं साठवलेले पैसे होते ते. आमचे हे चांदवडला कांद्याचे व्यापारी. रोज नाशिकहून जाऊन-येऊन करतात आणि सगळा व्यवहार रोखीचा. बायकोच्या पैशानं परदेशी जायचं म्हटल्यावर चेहरा असा केला, की जणू कुणी उधारी बुडवून पळालं.

"तू तिकिटं काढ. तिकडचा खर्च मी बघतो," म्हणाले.

"तिकडचाही मीच बघणार. तुम्ही फक्त चला."

खरं सांगायचं तर आयुष्यात एकदा तरी मला यांना कुठंतरी न्यायचं होतं. आणि 'हिनं नेलं' असं यांच्या तोंडून ऐकायचं होतं. बाकी समुद्र वगैरे सगळं नंतर.

बेत होता सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. जाणाऱ्यांसाठी सांगते, तीन देश म्हणजे तीन चलनं. नाशिकलाच पासपोर्ट आणि तिकीट दाखवून मी सिंगापूरचे डॉलर, थोडे मलेशियन रिंगिट आणि थोडे थाई बात घेतले. लहान नोटा भांडून मागून घ्या, मोठी नोट दिली की फेरीवाला तोंड फिरवतो. नाणी परत कुणी बदलून देत नाही, ती तिथंच संपवा. बोटीसाठी क्रेडिट कार्ड लागतं, तेही बँकेच्या मागे लागून काढलं. यांनी मात्र नियमात बसतील तेवढे रुपये शर्टाच्या आतल्या खिशात घातले. आपला रुपया कुठंही चालतो, असं त्यांचं म्हणणं.

टॅक्सीनं निघालो. घोटीला चहा घेतला. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळे विमानतळावर पोहोचेपर्यंत जीव टांगणीला. हाताशी भरपूर वेळ ठेवून निघा.

सिंगापूरला लिटल इंडियात पैसे बदलणाऱ्यांची दुकानं ओळीनं आहेत आणि तिथं रुपया खरंच घेतात. हे जिंकल्यासारखे आत शिरले. काउंटरमागे जाड चष्म्याचे एक तमिळ गृहस्थ.

"ये बोर्ड का भाव हुआ. देने का भाव बोलो," यांनी सुरुवात केली.

"फिक्स्ड, सर."

"पूरा माल देता हूं. इकट्ठा."

"फिक्स्ड, सर."

हे दुसऱ्या दुकानात गेले, मग तिसऱ्या, आणि शेवटी फुटपाथवर येऊन मला म्हणाले, "आज भाव पडलेत. माल रोखून धरू. उद्या तेजी येईल."

"अहो, उद्या आपण बोटीत असणार."

"मग बोटीत काय बाजार नसतो?"

झालं. भाव येईपर्यंत कांदा चाळीत साठवून ठेवावा तसे रुपये परत खिशात गेले.

बोटीवर रोख पैसे चालतच नाहीत. चढताना प्रत्येकाला एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. वस्तू घ्यायची, सही करायची, शेवटी सगळं बिल तुमच्या क्रेडिट कार्डावर. काउंटरवरची मुलगी हिंदी बोलणारी निघाली. ती यांना गोड हसून म्हणाली, "सर, खाता मॅडम के नाम पे है. मॅडम परमिशन देंगी, तभी आपके कार्ड से खर्चा होगा."

मी हो म्हणणार तेवढ्यात हे म्हणाले, "राहू दे. मला काय लागतंय? जेवण तर त्यातच आहे."

जेवण, नाश्ता, साधा चहा त्यात असतो हे खरं. पण बाटलीचं पाणी, चांगली कॉफी, फोटो यांचे वेगळे पैसे पडतात, आणि सेवेचा आकार रोज माणशी आपोआप लागतो. तो घरूनच हिशेबात धरा. बोटीवर पैसे बदलायची खिडकीही असते, पण भाव बेकार. हे ती बघून तसेच परत आले. बोर्डावर रुपयाचं नावच नव्हतं.

पेनांगला ऊन मी म्हणत होतं. शहाळ्याच्या गाडीवर यांनी ऐटीत शंभराची नोट पुढे केली. त्या माणसानं ती दोन्ही बाजूंनी कौतुकानं पाहिली आणि घडी घालून परत दिली. मी रिंगिट काढले, तर म्हणाले, "तुझं तू घे. मला तहान नाही." अर्धं शहाळं पुढे केलं, तरी नाही. ओठ कोरडे पडलेले दिसत होते. मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

फुकेतला मोठी बोट समुद्रात थांबते आणि लहान बोटीनं किनाऱ्यावर सोडतात. वाळूत दहा पावलं टाकली नाहीत तोच यांच्या चपलेचा अंगठा तुटला. वाळू अशी तापलेली, की हे नाचायलाच लागले. तसेच लंगडत चपलांच्या एका टपरीपर्यंत गेले. तिथल्या बाईनं कॅल्क्युलेटरवर तीनशे बात दाखवले. यांनी ऐंशी. तिनं कपाळाला हात लावला, यांनी तुटकी चप्पल दाखवली. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण रंगले होते झकास. अखेर एकशेवीसवर सौदा पटला. बाईनं चपला पायात चढवूनसुद्धा दिल्या, आणि यांचा हात सवयीनं आतल्या खिशाकडे गेला.

तो तिथंच थांबला. ठरलेल्या सौद्यावरून यांनी जन्मात कधी माघार घेतलेली नाही.

"वसुधा," माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकशेवीस दे."

"कशाला?"

हा प्रश्न मी लग्नापासून ऐकत आलेय. भाजीला मागितले तरी, मुलांच्या वह्यांना मागितले तरी. तो एकदा विचारताना फार मजा येईल असं वाटलं होतं. नाही आली. केवढा धिप्पाड माणूस, नव्या चपला घालून दुकानात अपराध्यासारखा उभा. मी दीडशे हातावर ठेवले. त्यांनी उरलेले तीस मोजून परत आणून दिले.

बोटीवर आल्यावर स्वतःच म्हणाले, "ते कार्ड चालू करून दे माझं." दिलं. लगेच मला वरच्या डेकवर घेऊन गेले, दोन कॉफ्या मागवल्या आणि ऐटीत सही ठोकली. "घे. माझ्याकडून," म्हणाले. बिल माझ्याच खात्यावर. मी पोट धरून हसले, मग तेही हसले. त्या वेळी समुद्र पहिल्यांदा नीट बघितला.

घरी आल्यावर यांनी रुपये जसेच्या तसे कपाटात ठेवले. माल रोखला म्हणून एकही पैसा गेला नाही, हे वर मलाच ऐकवलं. संध्याकाळी यांचे भागीदार दौलतभाऊ चांदवडहून आले. मी आत चहा टाकत होते.

"काय शेठ, लय खर्च झाला आसंल. वहिनीला पार समुद्रात फिरवून आणलं म्हने?"

मी गॅस बारीक केला.

"म्या कुठं नेलं, दौलत," हे म्हणाले. "तिनंच नेलं व्हतं मला. तिच्या पैशानं."

चहा निम्मा आटला, तरी मला ओट्यापासून हलावंसं वाटेना.