वायपरशिवाय सिलतऱ्याहून घरी

मंडळी, आज भलतंच झालं!

बाबांची जुनी लाल स्पोर्ट्स कार पावसात कधीच निघत नाही. आज मी चालवत होतो, बाबा बाजूच्या सीटवर, अन् सिलतऱ्याजवळ पावसानं गाठलंच. त्यात वायपर बंद! समोर ट्रक, काचेवर नुसतं पाणी.

बाबा म्हणाले, "घे बाजूले." उतरले, खिशातून तंबाखूची पुडी काढली अन् तंबाखू ओली करून काचेवर खसाखसा घासली. पाणी सरसर घसरलं, रस्ता साफ! बीरगांवपर्यंत काय पळाली गाडी, राव!

घरी बाबा कोरड्या पंच्यानं गाडी पुसून राहिले होते. मी जोशात आईले सांगून टाकलं, "वायपर बंद होते!"

आई म्हणाली, "मग दिसलं कसं?"

बाबांनी दोन वर्षांपूर्वी देवापुढे तंबाखू सोडली आहे. आता दोघंही माझ्याकडेच पाहून राहिले.

काय सांगू?