चिमाजींचा ऐन

भीमाशंकरच्या खालच्या अंगाला आमची वाडी. एकवीस वर्षं मी इथं शाळा शिकवतोय आणि सरकारी पाट्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. 'शेकरू, आपला राज्यप्राणी' असं रंगवलं की झालं त्यांचं काम. शेकरू राखायचं कसं, ते मला चिमाजी लोहकऱ्यांनी शिकवलं, तेही स्वतःच्या चुकीतून.

माघात झाडांच्या फांद्या छाटायच्या, त्यांचा राब वाफ्यावर जाळायचा आणि तिथं भाताचं रोप टाकायचं, ही इथली रीत. पाच वर्षांपूर्वी चिमाजी कोयता घेऊन बांधावरच्या ऐनाच्या झाडावर चढले, तर शेंड्याला शेकराचं काटक्यापाल्याचं घरटं आणि आत एकच पिल्लू. ते तसेच खाली उतरले.

"आवं, निम्मा राब त्या ऐनावरच व्हता की!" त्यांची बायको ठकूबाई कडाडली.

"बाळंतीण हाये गं ती. ऱ्हाऊ दे."

"माझ्या बाळंतपणाला कवा कोयता ठिवला व्हता खाली?"

चिमाजी हसले. राब भरायला त्यांनी आजूबाजूचे हिरडे, जांभळी सगळ्या बोडक्या केल्या.

शेकरू फांदीवरून फांदीवर जातं, सहसा जमिनीला पाय लावत नाही. ऐन एकटा पडला. माय तीन दिवस वरून ओरडत होती. चौथ्या दिवशी भुकेनं खाली उतरली आणि चिमाजींच्याच कुत्र्यानं तिला धरलं. पिल्लूही वाचलं नाही. मला भयंकर राग आला होता, पण चिमाजी म्हणाले, "कुत्र्याला काय कळतंय, मास्तर. तिची वाट म्या तोडली."

तेव्हापासून ऐनापासून देवराईपर्यंतच्या झाडांना त्यांनी कोयता लावला नाही. राब कमी पडला, भातही कमी आलं. वाडीतले विचारायचे, "काय बाबा, शेकरासाठी रस्ता बांधताय व्हय?" पुढच्या वर्षी वनखात्याचे गणतीवाले आले आणि तीन घरटी बघून तीन शेकरं लिहायला लागले.

"एकटीच बाई चार-पाच घरं बांधती, सायेब," चिमाजी म्हणाले. "ही त्या मेलेलीचीच, जुनी. इथं एक बी शेकरू न्हाई, तसंच लिवा."

रोज सकाळी ते ऐनाखाली जाऊन वर बघायचे.

यंदा वैशाखात ठकूबाई पाणी घेऊन आली, तेव्हा तिच्या हातात एक हिरवी डहाळी होती. माकड फांदी मोडतं. ही दातांनी तिरकी कापलेली होती, घरट्यासाठी.

"ऐनाखाली घावली. घ्या, आली तुमची पाव्हनी."

चिमाजींनी डहाळी हातात फिरवून पाहिली. मग ते उठले आणि त्यांनी आधी कुत्रं बांधलं.