त्या कारकुनाचा तास

डहाणूच्या कॉलेजात आफ्रिकन कादंबरीचा पेपर बारा वर्षं माझाच. यंदा तलासरीच्या पाड्यावरून आलेली नवी मॅडम रुजू झाली आणि प्राचार्य म्हणाले, "एकेक तास दोघी घ्या. मुलं म्हणतील तिला पुढच्या वर्षी पेपर." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिचा तास मी मागे बसून ऐकला. कादंबरीचा नायक गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून. खेड्यातला बाप भेटायला येतो, तर हा साहेबासमोर ओळखच देत नाही. मी शिकवायचे, 'वसाहतवादाने बिघडवलेला माणूस', की झालं. ही बया टेबलाला टेकून म्हणाली, "मीपण हेच केलंय. बाप अनवाणी हॉस्टेलवर आला, तर मैत्रिणींना सांगितलं, आमच्या गावचा कोणीतरी आहे. साहेब कधीच गेला, पण माझ्याच माणसांकडे मी त्याच्या नजरेने बघत होते."

एक मुलगी चक्क रडली. माझ्या तासाला बारा वर्षांत कोणी रडलं नाही. झोपले मात्र पुष्कळ.

जळले मी. ती छान शिकवते म्हणून नाही. खरं सांगू? तसली गोष्ट माझ्याकडेही होती, तिच्याहून सरस! माझी आई डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कॉलेजातल्या बायकांसोबत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. आईने माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "घ्या ना बाई, कडक वाळवलेत." आणि मी मेलीने भाव केला! आईने भाव उतरवला, कुठल्याही गिऱ्हाइकाला घालते तसे वर मूठभर घातले. घरी आम्ही दोघी त्यावर कधीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी माझा तास. ठरवूनच गेले, आज सांगायचंच, बघू कोण रडत नाही ते. तोंड उघडलं आणि निघालं, "माझी एक मैत्रीण होती." पुढचं सगळं मैत्रिणीच्या नावावर खपवलं. मुलं ऐकत होती.

शेवटच्या बाकावरची, जवळच्या आगर गावची मुलगी उभी राहिली. तिची आई बाजारात माझ्या आईला खेटून बसते, पण मी कोण हे पोरीला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मॅडम, गिऱ्हाइकं त्या मावशींना विचारतात, पोरगी काय करते? त्या म्हणतात, शिकवते. कुठे, ते मात्र सांगत नाहीत."

'मीच ती' एवढंच म्हणायचं होतं. तलासरीच्या त्या बाईने म्हटलं असतं.

"चला, पान उलटा," मी म्हणाले.

पेपर तिला गेला.