मनगटाला कासरा

मुदतीचा ताप उतरला तेव्हा माझ्या अंगात एकच गोष्ट शिल्लक राहिली होती, ती म्हणजे तोरा. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जो तो नव्याच्या गोष्टी करायचा आणि मी तेवढा तिशीतच म्हातारा झालो होतो. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, "ताकद आपल्या पावलानं येईल, तिला ओढू नका." (त्यांचं काय जातं!)

मी खाटेवर असताना धाकट्या भावानं, शंकरनं, डवरणी उरकली, निंदण उरकलं, आणि कपाशीची पराटी दरवर्षीपेक्षा चांगली दिसत होती. माझ्यावाचून काहीच अडलं नाही, हे दुखणं तापापेक्षा वाईट! पोळ्यात बैल मी नेला नाही तर गाव मला जमेतच धरणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं.

"दादा, पवळ्याले मी नेतो. तू ओट्यावर बस," शंकर म्हणाला.

"काऊन? मी मेलो काय बे?"

"अवो, भिंत धरून चालता अन् बैल काय धरता?" बायको म्हणाली.

मी कासरा हिसकावला. मुठीत जोर नव्हता, म्हणून मनगटाला गुंडाळून वर गाठ मारली. (एवढी अक्कल तापातून वाचली होती!) तोरणाखाली पवळ्या शहाण्यासारखा उभा राहिला. मी त्याच्या खांद्याला टेकलो होतो. लोकांना वाटलं, थोपटतोय.

मग तोरण तुटलं, पोळा फुटला आणि बैल उधळले. पवळ्याही घराकडे निघाला. मी आधी चाललो, मग धावलो, मग धोतरासकट चिखलातून घसरत गेलो.

"सोड! कासरा सोड!" शंकर मागून ओरडत होता.

सोडू कसा? गाठ काय त्यानं मारली होती?

"यंदा बैलानं मालकाले मिरवलं!" पारावरून कोणीतरी म्हणालं, आणि अख्खा पार हसला.

दारात बायको पाण्याचा तांब्या अन् पुरणपोळी घेऊन उभी. तिनं एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आधी कोणाचे पाय धुऊ?"

मला हसू आलं नाही. आत जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा. बायकोनं शेजारून चाकांचा लाकडी बैल मागून आणला आणि दोरी माझ्या हातात दिली. "हा घ्या. हा पळत नाही."

कोणी पाहू नये म्हणून मी रागानं अंगणाचं कवाड आतून लावून घेतलं आणि तो बैल ओढत अंगणात फेरी मारायला निघालो. अर्ध्यातच दम लागला. मटकन खाली बसलो आणि त्या लाकडी बैलाला दटावलं, "थांब बे! एवढी काय घाई लागली तुले?"