पणजीचा रामाचा रुपया

प्रिय अनय आणि सई,

आजोबांना जाऊन दीड महिना झाला. "आठवण म्हणून त्यांचं एखादं नाणं पाठव," असं अनयने लिहिलं आहे, म्हणून हे आताच सांगते. नाणं आधी पोहोचलं, तर सांगायचं राहून जाईल.

पूजेसाठी, लग्नामुंजीत द्यायला म्हणून पाडलेली जुनी चांदीची नाणी आजोबा जमवत. रविवारी कल्याणच्या सराफांकडे मोडीत आलेली नाणी चाळत बसत. नाणं कडेने धरत, कधी घासत नसत. इतका हळुवार माणूस पाहिला नाही, असं शेजारी म्हणत. नाण्यांपुरतं ते खरं होतं.

आमच्या डोंबिवलीच्या घरातलं एकच नाणं त्यांच्या हाती नव्हतं: त्यांच्या आईच्या, म्हणजे तुमच्या पणजीच्या, देवघरातला रामाचा रुपया. लग्नापासून आई त्याला रोज आंघोळ घालून गंध लावत. रामसीतेचे चेहरे झिजून पार सपाट झाले होते. "केवढा जुना असेल, आणि ही रोज पुसतेय!" आजोबा चडफडत. मोतीबिंदूने आईंना दिसेनासं झालं, तेव्हा माझ्यादेखत आजोबांनी तो उचलला आणि त्या जागी सराफाकडचा नवा ठेवला.

दुसऱ्या सकाळी ताम्हनात आईंचा अंगठा थबकला... "अगं, याला नाक आहे! माझ्या रामाला नाक कुठलं?"

"डोळ्यांपाठोपाठ बोटंही गेली का गं आई?" आजोबा हसले.

त्या माझ्याकडे वळल्या. "तू शिकलेली. तू खोटं नाही बोलायचीस. तोच आहे ना?"

"तोच आहे," मी म्हणाले.

"मग त्यानेच मला टाकलं," म्हणून त्यांनी पूजा सोडली. रोज आंघोळ करून देवघरापाशी बसत, पण हात लावत नसत. अखेरच्या घटकेला मी तुळशीपत्र पुढे केलं, तर तोंड घट्ट मिटून घेतलं.

परवा कपाटातली आजोबांची नाण्यांची पाकिटं आवरताना तो रुपया सापडला. सोबत त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी: "ठाण्याच्या जाणकाराला दाखवला. जुना नाही. आईच्या लग्नाच्या सुमाराचा, असे ढिगाने मिळतात. झीज वयाची नव्हे, पूजेची."

चिठ्ठीवरच्या तारखेनंतर आई चौदा महिने जगल्या. कपाटापासून देवघर दहा पावलांवर होतं.

बाकीचा संग्रह तुमचे बाबा विकणार आहेत. हा रुपया आणि ही चिठ्ठी माझ्याकडे आहेत. हवी तर पाठवीन, पण वेगवेगळी नाही.