झिलईदादाची पानं

पडदा वर जातो. दुसऱ्या मजल्यावरची खोली. उजवीकडे खिडकी, डावीकडे खाट, आणि मधोमध, आमच्या नाटकात जिथे सिंहासन असायचं तिथे, छातीएवढा उंच जाळीचा पिंजरा. वर पिवळा दिवा. आत एक रंग बदलणारा सरडा, एक डोळा दाराकडे आणि दुसरा भिंतीकडे लावून बसलेला. समोर स्टुलावर आमचा झिलईदादा.

चाळीस वर्षं त्यानं आमच्या कंपनीचं सामान सांभाळलं. तलवारी, कंदील, पेले, बागेच्या प्रवेशातल्या खऱ्या कुंड्या. पडदा उघडण्याआधी फडकं आणि स्वतः कालवलेल्या तेलाची बाटली घेऊन तो एकेक पान पुसायचा. "दिव्याखाली कोरडं पान मेलेलं दिसतं," म्हणायचा. त्यावरूनच हे नाव पडलं. राजा मी व्हायचो, पण टाळ्या बागेला पडायच्या.

सरडा दादाच्या लेकीचा. तिची आई गेली त्या दिवशी दादा आमच्याबरोबर दौऱ्यावर होता. ते तिच्या मनातून गेलं नाही. नोकरीसाठी ती समुद्रापार गेली, सरडा नेता येईना, म्हणून बापाकडे ठेवला. दर रविवारी सकाळी फोन. "तो कसा आहे?" एवढंच. बाप कसा आहे, हे वाक्य तिच्या तोंडी कधी आलंच नाही.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," मी चिडवायचो, "आणि तुझी फोनपर्यंत!"

"हसा राजे. हा गेला की फोनही गेला."

दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, प्लास्टिकची पानं काढा, खरी झाडं लावा. लेकीनं काहीतरी मागितलं! माझा हात धरून त्यानं मला नर्सरीत नेलं.

"हे न्या काका, ठिपक्याठिपक्यांचं. खोलीत उठून दिसेल," नर्सरीवाली म्हणाली.

"दिसण्यावर जाऊ नका, ताई. तो पानं चावतो. याच्या चिकानं तोंड सुजेल त्याचं."

"कोणाचं, नातवाचं?"

"तसंच समजा. जीभ मात्र अंगापेक्षा लांब आहे."

कण्हेरीपासून तर तो चार हात लांबच उभा राहिला. शेवटी दोन जास्वंदी आणि एक स्पायडर प्लांट. "फवारणी झालेली आहे," नर्सरीवालीनं बजावलं, "माती बदला, पानं धुवा, महिनाभर बाहेरच ठेवा." यानं ती महिनाभर नाही, दीड महिना ठेवली. रोज धुतली. मुलीच्या लग्नातही कोणी इतकी चौकशी करत नसेल.

बुधवारी कुंड्या पिंजऱ्यात गेल्या. रविवारी लेक कॅमेऱ्यावर बघणार होती. मी गेलो तर पानं अशी लखलखत होती, की मी दारातूनच ओरडलो, "वा! होऊ दे घंटा!" तो लाजला. फडकं खांद्यावर होतं. बाटली खिडकीत होती. मला दिसली, पण तिचा धोका माझ्या डोक्यात आला नाही.

सरडा वाटीतलं पाणी पीत नाही. पानांवर पाणी शिंपडायचं, मग तो थेंब चाटतो. हे दादाला दोन वर्षं ठाऊक होतं. पण दिवा लागला, समोर पान आलं, आणि हात आपोआप चालला.

शनिवारी सरड्याचे डोळे मिटले. अंग मातकट झालं. प्राण्यांच्या डॉक्टरनं एक पान बोटानं चोळलं, बोट हुंगलं. "यावर काय लावलंत?" दादानं तेलाचं सांगितलं. डॉक्टरनं औषधाचे थेंब दिले, आणि जाताना हळूच मला म्हणाला, "त्यांना सांगा, आशा धरू नका."

सांगायला लागलंच नाही.

रविवारी सकाळी मी स्टुलाशेजारी उभा होतो. सरडा जास्वंदीखाली आडवा. फोन वाजला.

"बाबा, तो कसा आहे? दाखवा ना."

दादानं फोन झाडांकडे धरला.

"किती सुंदर पानं आहेत! पण तो कुठाय?"

मी आयुष्यभर याला विंगेतून खुणा करताना पाहिलं. त्या दिवशी मी खूण केली: सांग, झोपलाय म्हणून. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि फोन खाली, मातीकडे वळवला.

फोन चालू होता.

"मीच पुसली गं पानं," झिलईदादा म्हणाला. "तुला छान दिसावीत म्हणून."