जाळीतली फणसाची पाने

धाकटी बहीण पावसाळ्यात गेली. आम्ही दोघींनी लग्ने केली नव्हती. आईवडिलांच्या मागे नाशिकच्या एकाच फ्लॅटमध्ये राहिलो, भांडलो, एकमेकींची औषधे आणली. नवरा गेलेल्या बाईशी काय बोलायचे ते लोकांना ठाऊक असते; बहीण गेलेल्या बहिणीशी काय बोलायचे याची कुणाला सवय नव्हती. सोसायटीतल्या बायकांनी काही दिवस डबे पाठवले. रिकामे डबे परत करताना मी प्रत्येकीला "बरी आहे" असे सांगत होते. कॉलेजच्या ग्रंथालयातून आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते, त्यामुळे सकाळी उठून जायलाही कुठे नव्हते.

जानेवारीत एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ग्रंथालयात खिडकीजवळ बसून चोरून डबा खायची ती. मी पाहून न पाहिल्यासारखे करत असे. आता ती पेठच्या पलीकडच्या डोंगरात पीएच.डी.चे काम करत होती.

"मॅडम, पानं गोळा करायला माणसं हवीत," ती म्हणाली. "पगार नाही. जेवण आहे, पण रोज नागलीची भाकरी."

मी हो म्हटले. तिने मला "कशा आहात" असे विचारले नव्हते, हे त्याचे मुख्य कारण.

तिथल्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळालेला आहे. गावाची समिती ठरवून मोजकीच झाडे तोडते आणि विकते, बाकीची राखते. शिवाय भाताची रोपे टाकण्याआधी जमीन भाजायला, म्हणजे राबाला, दर उन्हाळ्यात पालापाचोळा लागतो. तोड झालेल्या भागात पाला पुरेसा पडतो का, त्यातला किती उचलला तर चालेल, हे समितीलाच जाणून घ्यायचे होते. माझ्या विद्यार्थिनीने त्यासाठी झाडांखाली बांबूच्या चौकटींवर नायलॉनच्या जाळ्या बांधल्या होत्या. वरून जे पडेल ते पंधरवड्याने कागदी पिशवीत भरायचे, वाळवायचे, तोलायचे. असे वर्षभर. ते वर्ष मे महिन्यात संपत होते, आणि तिची शिष्यवृत्तीही.

माझ्याकडे ओहोळाकाठच्या तीन जाळ्या आल्या. वर ऐन आणि जांभूळ. काम पंधरवड्यातून एकदाच, पण मी रोज तिथे जाऊन उभी राहत असे. आम्ही जिथे राहायचो आणि पाला तोलायचो त्या शेडमध्ये सतत माणसे असत. इथे कुणी काही विचारत नव्हते. जाळीच्या बांबूवर हात टेकून खाली बघत राहिले की अर्धा दिवस जाई. पिशव्या मी नेमाने भरल्या, पण आत काय भरते आहे याकडे माझे लक्ष नव्हते. त्या दिवसांत माझे कशाकडेच लक्ष नव्हते.

मे महिन्यात एका सकाळी तिने मला लॅपटॉपजवळ बोलावले.

"मॅडम, तुमच्या तीन जाळ्यांत मार्चपासून जवळजवळ दुप्पट पाला आहे. शेजारच्या जाळ्यांत नाही. ही झाडं अशी एकदम उदार कशी झाली?"

तिने काटा तपासला. काटा ठीक होता. तोड झालेल्या भागात जाळ्या थोड्याच होत्या. त्यांतल्या या तीन बाद झाल्या तर तुलनेला काही उरत नव्हते. म्हणजे पुन्हा एक वर्ष, आणि त्या वर्षाला पैसे नव्हते. ती हे सगळे अगदी शांतपणे बोलली.

आम्ही नुकतीच भरलेली पिशवी चटईवर उपडी केली. ऐनाची पाने, जांभळाची, काड्या. आणि मधेमधे जाड, चामड्यासारखी, तपकिरी पडलेली मोठी पाने. तिने एक उचलले.

"हा फणस आहे," ती म्हणाली. "ओहोळावर फणस नाही."

फणस होता गावाच्या टोकाच्या घरामागे. त्या घरातून माझ्या जाळ्या सरळ दिसत. तिथे एक म्हातारी एकटीच राहायची. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर नागली पाखडत होती.

"आजी, आमच्या जाळीत कुणी पानं टाकली का?"

"मीच टाकली. कमी पडली का?"

विद्यार्थिनी ओट्यावर बसली. "का पण, आजी?"

म्हातारीने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ही बाई रोज येयाची, जाळीत बघायची नि तोंड पाडून उभी राहायची. किती येळ! म्या म्हटलं, हिच्या जाळीत पाला पडत नाय, म्हणून तू हिला बोलत असशील. मंग टाकली दोन दोन मुठी."

"मी बोलेन? अहो, मी अजून घाबरते त्यांना!"

"मला काय ठावं? तू सगळ्यांवरच फिस्कारती."

एरवी ती चिडली असती. पण तिला आता दुसरेच काही सुचले होते. "आजी, पानं कुठली टाकली? खालचा पाला गोळा करून टाकला का?"

"खालचा? त्यात माती असती. आपल्या फणसाची टाकली, मोठी मोठी निवडून."

"फक्त फणसाची? नक्की?"

"देयाचं तर चांगलं नको का देयाला?"

फणसाची पाने वेचून बाजूला काढता येणार होती. पण त्यासाठी मार्चपासूनच्या सगळ्या पिशव्या जागेवर असायला हव्या होत्या, आणि आदल्याच आठवड्यात तिने समितीच्या लोकांना सांगितले होते, तोलून झालेला पाला शेडमधून राबाला घेऊन जा. हे तिला आणि मला एकदमच आठवले. ती धावत सुटली. मी माझ्या वयाला जमेल तशी मागोमाग.

शेडचा पुढचा कोपरा रिकामा होता. ती तिथेच उभी राहिली, पुढे जाईना. मी आत गेले. मोडक्या खाटेमागे पिशव्या एकावर एक दाबून ठेवलेल्या होत्या. वरच्या पिशवीवर माझ्याच अक्षरात मार्चची तारीख होती. नेणाऱ्यांनी हाताशी आलेल्या, पावसाळ्यातल्या पिशव्या नेल्या होत्या. खाट हलवायचा त्यांना कंटाळा आला असावा.

"आहेत," मी म्हटले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "सगळ्या आहेत."

आम्ही चटया पसरून बसलो. थोड्या वेळाने म्हातारीही आली आणि न विचारता आमच्यात बसली. आपली पाने ती लांबूनच ओळखून ओढून घेत होती. एक एक पिशवी फणस काढून पुन्हा तोलली जात होती, आणि आकडे शेजारच्या जाळ्यांच्या जवळ येत होते. विद्यार्थिनी दर वेळी काट्याकडे बघून एक लांब श्वास सोडायची.

"आता तरी हस," म्हातारी मला म्हणाली. "कामाचं झालं ना नीट?"

"आजी, मी जाळीसाठी नव्हते उभी राहत," मी म्हटले. "माझी धाकटी बहीण गेली."

"कवा?"

"पावसाळ्यात."

तिचे हात थांबले नाहीत. "मंग आधी सांगायचं नाय का? म्या आपली येड्यावानी झाड झोडत बसले!"

विद्यार्थिनीला हसू आवरेना, आणि मग मलाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते पाणी पुढे बराच वेळ येत राहिले, आणि दोघी पाने वेचत राहिल्या.

"कशी होती?" म्हातारीने विचारले.

"भांडखोर."

"धाकट्या तशाच. माझीबी हाय, सुरगाण्याला दिलेली. अजून बोलत नाय माझ्याशी, एका कोंबडीवरनं."

मग मी सांगत राहिले. माझी बहीण वाचता वाचता शेवटचे पान आधी बघायची आणि मलाही सांगून टाकायची. तिला कारले आवडायचे, मला नाही, आणि दोघींसाठी कारलेच व्हायचे. दवाखान्यात शेवटी शेवटी नर्सशी सुद्धा ती पंख्यावरून वाद घालत होती. इतके महिने मी यातले काहीच कुणाला सांगितले नव्हते.

"जाळीत आता काही टाकायचं नाही हं, आजी," विद्यार्थिनी उठताना म्हणाली.

"नाय टाकत." मग माझ्याकडे वळून, "आन् तुला उभंच राहायचं तर माझ्याकडं येऊन राहा. नागली तरी निवडशील."

महिनाअखेरीस वर्षातली शेवटची पिशवी मी भरली. अगदी हलकी होती. विद्यार्थिनीने ती काट्यावर ठेवली, आकडा वाचला, शेजारच्या जाळ्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिला आणि जोराने टाळी वाजवली.

"इतकंच?" मी विचारले.

"मॅडम, या दिवसांत इतकंच पडतं," ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली.